सायक्लोहेक्झॅनॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायक्लोहेक्झॅनॉल म्हणजे नक्की काय?

सहा कार्बनची रिंग आणि त्यातल्या एका कार्बनला चिकटलेला ओएच ग्रुप, बस्स. एकूण हिशोब सहा कार्बन, बारा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, मॉलिक्युलर वेट १००.१६. ज्या कार्बनवर ओएच आहे त्याला शेजारी दोन कार्बन आहेत म्हणून हा सेकंडरी अल्कोहोल, आणि परीक्षेत विचारतात ते एवढंच. रिंग सपाट नसते, खुर्चीच्या आकारात वाकलेली असते आणि ओएच ला बाहेरच्या बाजूला पसरून बसायला जास्त आवडतं कारण तिथे गर्दी कमी.

दिसायला रंगहीन, वास कापराच्या वळणाचा, हाताळायला जाडसर. पुस्तकात "रंगहीन द्रव" असं लिहिलेलं असतं आणि बाटली हातात घेतली तर आत पांढरा गोळा असतो, तिथूनच सगळे प्रश्न सुरू होतात.

सायक्लोहेक्झेन, सायक्लोहेक्झीन, सायक्लोहेक्झॅनोन, फिनॉल... हे सगळं एकच आहे का?

अजिबात नाही, आणि लेबल नीट न वाचता बाटली उचलली तर महागात पडेल. सायक्लोहेक्झेन ही नुसती रिंग, ८१ अंशाला उकळते आणि अत्यंत ज्वलनशील, फ्लॅश पॉइंट (ठिणगीने पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला होते ते) शून्याच्याही खाली. सायक्लोहेक्झीनमध्ये एक डबल बाँड, उकळते ८३ ला. सायक्लोहेक्झॅनोन म्हणजे कीटोन (ओएच ऐवजी रिंगला डबल बाँडने जोडलेला ऑक्सिजन), १५५-१५६ ला उकळतो आणि खरा ताकदवान सॉल्व्हंट तोच. सायक्लोहेक्झॅनॉल १६१ च्या आसपास. कीटोन आणि अल्कोहोल यांच्या उकळण्यात जेमतेम पाच-सहा अंशांचा फरक, म्हणून साध्या डिस्टिलेशनने ते वेगळे होत नाहीत, नीट फ्रॅक्शनेटिंग कॉलम लागतो.

फिनॉलची गोष्ट वेगळी. तिथेही सहा कार्बन आणि ओएच आहे पण रिंग अ‍ॅरोमॅटिक म्हणजे बेंझिनची आहे, त्यामुळे फिनॉल आम्ल म्हणून वागतं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळतं आणि कातडी भाजतं. सायक्लोहेक्झॅनॉल तसं काही करत नाही, त्याची आम्लता साध्या अल्कोहोलइतकीच, म्हणजे जवळजवळ नाहीच.

माझी बाटली घट्ट झालीये, माल खराब झाला का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. नाही, खराब झालेला नाही, उलट गोठलाय म्हणजे बहुधा माल बऱ्यापैकी शुद्ध आहे. शुद्ध सायक्लोहेक्झॅनॉलचा मेल्टिंग पॉइंट २५.९ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे खोलीचं तापमान जिथे असतं तिथेच. सकाळी गोठलेला, दुपारी पातळ, रात्री परत गोठलेला, असं चालू राहतं. थंडीत खोबरेल तेलाच्या बाटलीचं जे होतं अगदी तेच.

वितळवायचा असेल तर झाकण किंचित सैल करून बाटली ४०-४५ अंशाच्या कोमट पाण्यात उभी ठेवा आणि वाट बघा, पाणी तोंडापाशी जाणार नाही एवढी काळजी घ्या कारण हा पाणी ओढतो. बर्नर, हॉटप्लेट, हीट गन, यातलं काहीही नको. आणि पूर्ण वितळल्याशिवाय वापरू नका, अर्धवट वितळलेल्या बाटलीत मळ आणि पाणी द्रव भागात जमा होतं आणि घट्ट भाग जास्त शुद्ध असतो, म्हणजे वरचं ओतून घेतलंत तर तुम्ही नेमका खराब भाग उचललात. पूर्ण वितळवा, हलवा, मग घ्या.

मग वेगवेगळ्या ठिकाणी मेल्टिंग पॉइंट वेगवेगळा का दिलेला असतो? कुठे २०, कुठे २३, कुठे २५.

हा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो कारण या पदार्थाची खरी गंमत इथे आहे.

कुठल्याही द्रवात थोडी भेसळ झाली की तो गोठायचं तापमान खाली येतं हे आपण शाळेत शिकतो, पाण्यात मीठ वगैरे. किती खाली येईल ते त्या द्रवाच्या क्रायोस्कोपिक कॉन्स्टंटवर ठरतं. पाण्याचा हा आकडा १.८६ आहे. सायक्लोहेक्झॅनॉलचा ३९ च्या आसपास! म्हणजे वीसपट. आता हिशोब करा, एक किलो सायक्लोहेक्झॅनॉलमध्ये फक्त १ ग्रॅम पाणी गेलं तरी मेल्टिंग पॉइंट साधारण २ अंशांनी घसरतो. एक ग्रॅम! बाटली दमट हवेत थोडा वेळ उघडी राहिली तरी एवढं पाणी आत जाऊ शकतं. त्यामुळे ज्याने मोजलं त्याच्या नमुन्यात किती ओल होती त्याप्रमाणे आकडे वेगळे येतात, कोणी खोटं बोलत नसतं. याचाच उलटा फायदा म्हणजे मेल्टिंग पॉइंट मोजला की माल किती कोरडा आणि शुद्ध आहे याचा पटकन अंदाज येतो.

हा आकडा एवढा मोठा का, तर हा पदार्थ वितळायला उष्णता फारच कमी लागते, एका मोलला १.८ किलोज्युलच्या आसपास. कारण २५.९ च्या खाली जो घट्ट गोळा दिसतो तो आतून पूर्ण घट्ट नसतोच. रेणू आपापल्या जागी असतात पण जागच्या जागी गरगर फिरत असतात, याला प्लॅस्टिक क्रिस्टल म्हणतात. ते फिरणं थांबतं थेट उणे ८ अंशाच्या आसपास, आणि तिथे उष्णतेची देवघेव वितळण्यापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणजे बरंचसं वितळणं उणे ८ लाच उरकलेलं असतं, २५.९ ला फक्त शेवटची औपचारिकता. आणि म्हणूनच तो गोळा चमच्याने दाबला तर बर्फासारखा कडकन तुटत नाही, मेणचटपणे दबतो.

पाण्यात मिसळतो का?

थोडासा. १०० मिली पाण्यात २० अंशाला साधारण ३.६ ग्रॅम. एक ओएच पाण्याकडे ओढतो आणि सहा कार्बनची रिंग उलट दिशेला, त्या ओढाताणीत रिंग जिंकते. उलट बाजूने मात्र सायक्लोहेक्झॅनॉल स्वतःत बरंच पाणी सामावून घेतो, दहा टक्क्यांच्या वर. घनता पाण्यापेक्षा थोडीशीच कमी, ०.९५ च्या आसपास, म्हणून सेपरेटिंग फनेलमध्ये वर तरंगतो पण फार आळसाने वेगळा होतो. मीठ टाका, थर लवकर सुटतात.

इथेनॉल, अ‍ॅसिटोन, ईथर, टोल्युइन यांत मस्त मिसळतो.

याला सॉल्व्हंट म्हणतात, पण खरंच सॉल्व्हंट म्हणून किती वापरतात?

खरं सांगायचं तर फार थोडा. जगात जेवढा बनतो त्यातला बहुतेक सगळा नायलॉनच्या कच्च्या मालात जातो, सॉल्व्हंट म्हणून जाणारा वाटा छोटा आहे. पण जिथे वापरतात तिथे कारण पक्कं असतं.

याचा मोठा गुण म्हणजे आळशीपणा. २० अंशाला याचा व्हेपर प्रेशर साधारण ०.१ किलोपास्कल, म्हणजे अगदी सावकाश उडतो. लॅकर किंवा व्हार्निश मारताना जर सगळे सॉल्व्हंट झटपट उडणारे असतील तर पृष्ठभाग एकदम थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि फिल्म पांढुरकी होते, रंगकामवाले याला ब्लशिंग म्हणतात. थोडासा सायक्लोहेक्झॅनॉल मिसळला की सुकणं लांबतं, फिल्मला पसरायला वेळ मिळतो, ब्रशच्या रेघा मिटतात आणि चकाकी सुधारते. मात्र थोडासाच. जास्त झाला तर फिल्म दिवसेंदिवस चिकट राहील आणि कापराचा वास जाता जाणार नाही.

लाख, इतर बरीच नैसर्गिक रेझिन्स, तेलं, मेण, काही रंग यांना विरघळवतो. नायट्रोसेल्युलोज एकट्याच्या जिवावर विरघळवत नाही, त्याला एस्टर किंवा कीटोनची जोडी लागते.

दुसरा जुना वापर साबण आणि डिटर्जंटमध्ये. इथे तो मध्यस्थाचं काम करतो, तेलकट भाग आणि पाण्याचा भाग एकत्र धरून ठेवायला मदत करतो, इमल्शन फुटू देत नाही. कातडं कमावताना चरबी काढायला, कापडाच्या फिनिशिंगला असे वापरही याच गुणातून आले. शिवाय याच्यापासून डायसायक्लोहेक्झिल थॅलेट बनतं, ते प्लॅस्टिसायझर आहे, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणारा पदार्थ.

नायलॉनशी काय संबंध?

इथे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता अ‍ॅडिपिक अ‍ॅसिडचा. सायक्लोहेक्झॅनॉल आणि सायक्लोहेक्झॅनोन यांचं मिश्रण (कारखान्यात याला के-ए ऑइल म्हणतात) नायट्रिक अ‍ॅसिडबरोबर तांबं आणि व्हॅनेडियमच्या कॅटॅलिस्टवर ऑक्सिडाइज करतात, रिंग फुटते आणि दोन टोकांना दोन अ‍ॅसिड ग्रुप असलेली सहा कार्बनची साखळी मिळते. ती हेक्झामेथिलीन डायअमाइनशी जोडली की नायलॉन ६६, जो ड्यूपाँट कंपनीतल्या कॅरोदर्सच्या टीमने १९३५ मध्ये बनवला. दुसरा रस्ता असा की सायक्लोहेक्झॅनॉलमधून हायड्रोजन काढून आधी सायक्लोहेक्झॅनोन, मग त्याचं ऑक्झाइम (नायट्रोजन जोडलेलं रूप), मग बेकमन रिअरेंजमेंटने म्हणजे रेणूतल्या अणूंची मांडणी बदलून कॅप्रोलॅक्टम आणि त्यातून नायलॉन ६, हा जर्मन केमिस्ट पॉल श्लॅकने १९३८ मध्ये शोधला.

पहिल्या रस्त्यात एक नको असलेली गोष्ट निघते ती म्हणजे नायट्रस ऑक्साइड वायू. काही उपाय केला नाही तर एक टन अ‍ॅडिपिक अ‍ॅसिडमागे साधारण ३०० किलो! आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. १९९० च्या दशकापासून बऱ्याच मोठ्या प्लांटनी तो जाळून किंवा कॅटॅलिस्टवर फोडून टाकायला सुरुवात केली, पण ज्या प्लांटमध्ये ती सोय नाही तिथे तो अजूनही चिमणीतून वर जातो. सायक्लोहेक्झॅनॉल "ग्रीन" आहे का असं कोणी विचारलं तर मी बाटलीतल्या द्रवाबद्दल बोलत नाही, याबद्दल बोलतो.

बनवतात कसा?

मुख्य पद्धत म्हणजे द्रव सायक्लोहेक्झेनमध्ये १५०-१६० अंशाला, दाबाखाली हवा सोडायची, बरोबर कोबाल्टचा कॅटॅलिस्ट. अडचण अशी की जे बनतं (अल्कोहोल आणि कीटोन) ते मूळ मालापेक्षा लवकर ऑक्सिडाइज होतं, म्हणजे जास्त वेळ ठेवलं तर हाताशी आलेला माल पुढे अ‍ॅसिड वगैरेमध्ये वाया जातो. म्हणून मुद्दाम दर फेरीला पाच-दहा टक्क्यांच्या आतच रिअ‍ॅक्शन होऊ देतात आणि उरलेलं सायक्लोहेक्झेन परत फिरवतात. परिणामी प्लांटमध्ये कायम प्रचंड प्रमाणात गरम, दाबाखालचं, ज्वलनशील सायक्लोहेक्झेन फिरत राहतं.

याचा धोका काय असतो ते १ जून १९७४ ला इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोला दिसलं. तिथे सहा रिअ‍ॅक्टर एकापाठोपाठ एक होते, पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढला आणि चौथा ते सहावा असा तात्पुरता २० इंची बायपास पाइप जोडला, त्याचं नीट इंजिनिअरिंग डिझाइन कोणी केलंच नाही. पाइप फाटला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला, २८ माणसं गेली. शनिवार होता म्हणून ऑफिसात माणसं कमी होती, नाहीतर आकडा बराच मोठा झाला असता. प्लांटमध्ये "तात्पुरता" बदल करायला आज जी कागदपत्रं आणि सह्या लागतात ना, ज्यांना सगळे कंटाळतात, त्यांच्यामागे ही घटना आहे.

दुसरी पद्धत म्हणजे फिनॉलवर हायड्रोजन चढवणं, स्वच्छ माल मिळतो पण फिनॉलचा भाव परवडला पाहिजे. तिसरी जपानमधली, बेंझिनवर रुथेनियम कॅटॅलिस्टने अर्धवट हायड्रोजन चढवून सायक्लोहेक्झीन करायचं आणि मग झिओलाइटवर (बारीक छिद्रांचं खनिज) त्यात पाणी जोडायचं. यात कीटोन जवळजवळ होतच नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये सायक्लोहेक्झॅनॉलपासून सायक्लोहेक्झीन करतात, त्यात यील्ड (हाती येणारा माल) कमी का येते?

बहुतेक वेळा दोन कारणं.

एक, माप. हा द्रव पाण्याच्या पन्नास-साठ पट जाड आहे. मेझरिंग सिलिंडरमध्ये मोजून ओतला की मागे भिंतीला चांगला दीड-दोन ग्रॅम थर चिकटून राहतो, शेवटचे थेंब खाली येतच नाहीत, आणि तुम्ही हिशोब मात्र पूर्ण धरता. सिलिंडर विसरा, फ्लास्क थेट बॅलन्सवर ठेवा आणि त्यातच वजन करून घ्या.

दोन, घाई. फॉस्फोरिक अ‍ॅसिड टाकून तापवल्यावर सायक्लोहेक्झीन आणि पाणी बरोबर वर येतं. थर्मामीटर ९० च्या खाली ठेवायचा. ज्वाला मोठी केली की ९७.८ ला सायक्लोहेक्झॅनॉल-पाणी ही जोडी सुद्धा निघायला लागते, म्हणजे कच्चा मालच रिसीव्हरमध्ये, आणि पोरं खूश की बघा किती लवकर झालं. नंतर सोडियम कार्बोनेटने धुवा, निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर सुकवा, ते पाण्याबरोबर उरलेला अल्कोहोलही धरून ठेवतं म्हणून इथे सोयीचं.

पण लक्षात ठेवा, नेमक्या याच कारणासाठी खुद्द सायक्लोहेक्झॅनॉल सुकवायला कॅल्शियम क्लोराइड चालत नाही, अर्धा माल त्यातच अडकेल. त्यासाठी निर्जल पोटॅशियम कार्बोनेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट घ्या.

डिस्टिल करताना कंडेन्सर चोकअप होतो, काय करू?

कंडेन्सरमधून थंडगार पाणी सोडलंय ना? मग होणारच, माल आतच गोठतो, तोंड बंद होतं आणि मागे दाब वाढतो, हे धोक्याचं आहे. पाणी बंद करून एअर कंडेन्सर वापरा किंवा कोमट पाणी फिरवा. १६१ ला उकळणाऱ्या द्रवाला तेवढं पुरतं. मोठ्या प्रमाणावर कारखान्यातही हेच दुखणं, म्हणून तिथे पाइपलाइनला स्टीम ट्रेसिंग (पाइपाला लागून वाफेची नळी) असतं आणि टाकीत गरम ठेवणारी कॉइल.

ब्लीच वापरून सायक्लोहेक्झॅनोन करता येतो म्हणतात?

येतो, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि सोडियम हायपोक्लोराइट, आणि जुन्या डायक्रोमेटच्या पद्धतीपेक्षा हे कधीही बरं कारण क्रोमियमचा विषारी कचरा उरत नाही. पण फ्युम हूडमध्येच, थेंब थेंब, तापमान ४०-५० च्या वर जाऊ न देता, शेवटी उरलेलं ऑक्सिडायझर बायसल्फाइटने मारून. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन सुटतो, त्यामुळे घरच्या बाथरूममध्ये "ट्राय" करायची ही गोष्ट नव्हे.

अल्कोहोल आहे तर सॅनिटायझरमध्ये चालेल का? पोटात गेला तर?

नाही. आणि पोटात जाऊ देऊ नका.

अंगावर, डोळ्यात, श्वासात गेला तर कितपत घातक?

अतिभयंकर विष नाही, पण पाणीही नाही. डोळे, नाक, घसा चुरचुरतो, कातडी कोरडी पडून लाल होते, आणि जे लोक विसरतात ते म्हणजे हा कातडीतून आत शोषला जातो. वाफेचं प्रमाण खूप वाढलं तर डोकं दुखणं, गुंगी. कामाच्या जागी हवेतली मर्यादा आठ तासांच्या सरासरीला ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) धरतात. वास मात्र त्याच्या खूप आधीच येतो, त्यामुळे वास आला म्हणजे लगेच मर्यादा ओलांडली असं नाही, पण डोळे चुरचुरायला लागले तर बाहेर पडा. नायट्राइलचे ग्लोव्हज, गॉगल, खिडकी किंवा हूड. अंगावर सांडला तर साबण-पाण्याने धुवा, डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टरकडे जा.

आग लागते का?

लागते, पण सहज नाही. फ्लॅश पॉइंट ६७-६८ अंश आहे, म्हणजे नेहमीच्या तापमानाला ठिणगी पडली तरी पेट घ्यायला पुरेशी वाफ नसते. तापवलेला असेल तर हा हिशोब संपला, तेव्हा त्याला पेट्रोलच्याच शिस्तीने वागवा. आगीवर ड्राय पावडर, कार्बन डायऑक्साइड किंवा अल्कोहोलला टिकणारा फोम. आणि तीव्र नायट्रिक अ‍ॅसिड, क्रोमिक अ‍ॅसिड, पेरॉक्साइड यांच्या शेजारी ठेवू नका, नायट्रिकबरोबर कारखान्यात जे काबूत चालतं तेच कपाटात बेकाबू होतं.

बरीच वर्षं पडून असलेली अर्धी बाटली सापडलीये, वापरू का?

थांबा. सेकंडरी अल्कोहोल हवेशी संपर्कात राहून हळूहळू पेरॉक्साइड बनवतात, आणि सायक्लोहेक्झॅनॉल त्या यादीत आहे. ईथरएवढा वाईट नाही, नुसता ठेवून सहसा काही होत नाही, पण डिस्टिल करायला घेतलात तर पेरॉक्साइड तळाशी गोळा होत जातो आणि शेवटी कोरडं पडलं की स्फोट होऊ शकतो. आधी पेरॉक्साइडच्या टेस्ट स्ट्रिपने तपासा, नंतरच तापवा, आणि डिस्टिल करताना फ्लास्क कधीच पूर्ण कोरडा करू नका. झाकणाभोवती कवच जमलेलं दिसलं किंवा बाटलीवर तारीखच नसेल तर मी उघडत बसणार नाही, लॅबच्या सेफ्टीवाल्यांना बोलवेन.

टाकायचा असेल तर सिंकमध्ये नाही. हॅलोजन नसलेल्या वेस्ट सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये, आणि थंडीच्या दिवसांत तो कॅनमध्येही गोठून बसतो हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून लेबलवर नाव पूर्ण लिहा.

अशाच रिंगवाले दुसरे अल्कोहोल सॉल्व्हंट कोणते?

पाण्यात मिसळणारा हवा असेल तर टेट्राहायड्रोफर्फ्युरिल अल्कोहोल बघा, उकळतो १७८ ला, पाण्यात कितीही मिसळतो आणि फर्फ्युरलपासून बनतो जे मक्याची दाणे काढलेली कणसं किंवा उसाच्या चिपाडासारख्या शेतीच्या कचऱ्यातून येतं. बेंझिल अल्कोहोल २०५ ला उकळतो, पेंट काढायच्या मिश्रणांत चालतो, पण त्यात ओएच थेट रिंगवर नसून एका कार्बनच्या अंतरावर आहे. फर्फ्युरिल अल्कोहोल सॉल्व्हंट म्हणून घेण्याआधी दोनदा विचार करा, तीव्र आम्लाशी गाठ पडली की तो जोरात पॉलिमराइज होतो, आणि फाउंड्रीवाले साच्याच्या वाळूला बांधायला हाच गुण वापरतात.

आणि हो, मेंथॉल सुद्धा सायक्लोहेक्झॅनॉलच आहे, रिंगला दोन जास्तीच्या फांद्या फुटलेला. म्हणून "सायक्लोहेक्झॅनॉल विषारी की सुरक्षित" असा सरसकट प्रश्न विचारलात तर कुठल्या सायक्लोहेक्झॅनॉलबद्दल ते आधी सांगावं लागेल.